धावणे ही शिक्षा नसावी

आमच्या शाळेत व्यायामाला तोटा नाही. पहाटे पीटी, संध्याकाळी खेळाचा तास. डेराबस्सीच्या डिसेंबरात धुक्यामुळे रांगेतला पुढचा कॅडेट दिसत नाही, तरी कोणाला सूट मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल आवश्यक मानते. आमची ती सहज होते. बाहेर मात्र चित्र वेगळे आहे. १४६ देशांच्या माहितीनुसार २०१६ मध्ये शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली एवढी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होते. आपल्याकडे सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण सक्तीचे केले, त्यामागची काळजी हीच आहे.

मग माझी तक्रार कशाबद्दल? आपल्या एका जुन्या सवयीबद्दल. फॉलइनला उशीर झाला, मैदानाला पाच फेऱ्या. बुटांना पॉलिश नाही, फ्रंट रोल. गृहपाठ राहिला, उठाबशा. आम्ही याला रगडा म्हणतो. ज्युनियर असताना मी तो भरपूर खाल्ला आणि सीनियर झाल्यावर तितकाच दिला. त्यात काही चुकते आहे असे कधी वाटले नाही.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक ज्युनियर पहिल्याच आठवड्यात धावताना मागे पडू लागला. तोही महाराष्ट्रातलाच. मी विचारले, "घरी धावत नव्हतास का रे?" तो म्हणाला, "नाही दादा. घरी कोण शिक्षा देणार?" तो चेष्टा करत नव्हता. धावणे म्हणजे चूक केल्यावर करायची गोष्ट, हे आम्हीच त्याला शिकवले होते.

माझ्या सातारा जिल्ह्यात औंध नावाचे संस्थान होते. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले. ते स्वतः रोज नमस्कार घालत. जो व्यायाम राजा आवडीने करतो, तो मुलांना शिक्षा कसा वाटेल? स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये 'डेली माइल' सुरू झाले. मुले रोज १५ मिनिटे बाहेर पडतात. कोणी धावतो, कोणी चालतो. शर्यत नाही, नंबर नाही. पुढे हा उपक्रम अनेक देशांतल्या शाळांनी उचलला.

काही मित्र म्हणतील, रगडा नसेल तर शिस्त कशी राहणार? फौजेतही असतोच ना? पण फौजेतला जवान स्वतःहून भरती झालेला, वयात आलेला माणूस असतो. सहावीतल्या मुलाला आधी मैदान आवडायला हवे. चुकीला शिक्षा जरूर असावी, पण ती चुकीशी जुळणारी असावी. बूट मळले तर सगळ्या डॉर्मचे बूट चमकवावेत. गृहपाठ राहिला तर खेळानंतर बसून पूर्ण करावा. खेळाचा तास मात्र कोणाचाही कापू नये.

आणखी एक सुचवतो. आपण हाउसच्या ट्रॉफ्या मोजतो, पण त्या पहिल्या दहा जणांच्या असतात. शेवटच्या दहा जणांचीही वेळ दर महिन्याला लिहून ठेवावी आणि ती फक्त त्यांच्याच मागच्या वेळेशी ताडून पाहावी. एखाद्याची मिनिटभर कमी झाली तर असेम्ब्लीत टाळ्या त्यालाही मिळाव्यात.

इथून बाहेर पडल्यावर आपल्यापैकी सगळेच काही एनडीएत जाणार नाहीत. कोणी डॉक्टर होईल, कोणी शेती करेल. तिथे पहाटे शिटी वाजवायला कोणी नसेल. तेव्हाही आपण बूट चढवून बाहेर पडलो, तर शाळेची पीटी कामी आली असे मी म्हणेन. या सत्रात मी कोणालाही फेऱ्यांची शिक्षा देणार नाही. त्या ज्युनियरबरोबर रोज दोन फेऱ्या मात्र मारतो आहे, त्याच्या वेगाने. बाकीच्या सीनियर्सनीही एक महिना हे करून पाहावे.