लाल दिवा आणि बिचारी बॅटरी



“मोटारीची दुरुस्ती हा काय आपला विषय?” असे म्हणून पान उलटू नका. यजमान सकाळच्या लोकलने पुण्याला जातात, मोटार दिवसभर दारातच असते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे, मुलांना पावसातून आणायचे, ते काम कोणाकडे येते? आपल्याकडेच ना!

आमची मारुती ८०० जुनी. या गाडीचे उत्पादनच २०१४ साली थांबले. गेल्या आषाढात संध्याकाळी मी आणि सासूबाई खोपोलीहून बोरघाट चढत होतो. पाऊस असा की समोरचे वळण दिसेना. एवढ्यात काट्यांशेजारी बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. थोड्या वेळाने वायपर रेंगाळू लागले. “अगं, दिवे बारीक का केलेस?” सासूबाईंनी विचारले. मी कुठले बारीक करते! मी पंखा आणि रेडिओ बंद केला, पण इंजिन मात्र बंद केले नाही. एकदा बंद केले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. नजर होती ती तापमानाच्या काट्यावर. आमच्या गाडीत एकच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. लाल दिव्याबरोबर काटाही चढू लागला, तर पट्टा तुटला असे समजून गाडी लगेच बाजूला घ्यावी. आमचा काटा जागेवर होता, म्हणून कशाबशा लोणावळ्याला पोचलो.

सकाळी गाडी ढिम्म. मेकॅनिक म्हणाला, “वहिनी, बॅटरी गेली.” अहो, याच गृहस्थाने चार महिन्यांपूर्वी नवी बॅटरी बसवली होती! महिनाअखेरीला तेवढे पैसे पुन्हा कोठून काढायचे? मग शेजारचे काका मीटर घेऊन आले. सारी आयुष्यभर विजेच्या कामात घालवलेला माणूस.

ते म्हणाले, “बॅटरी म्हणजे धान्याची कोठी. ती भरणारा वेगळा.” तो भरणारा म्हणजे अल्टरनेटर. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवते, आत चुंबक फिरतो, भोवतीच्या तारांत वीज तयार होते. सायकलचा डायनामो तरी दुसरे काय करतो? आणि आपल्या वळवणच्या धरणाचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ पासून वीज करतात, तेही याच तत्त्वावर.

मीटरचे दोन टोक बॅटरीला लावायचे. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केले की आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढायला हवा. काकांच्या गाडीची बॅटरी जोडून आमची गाडी चालू केली, तर आकडा बारावर, आणि तोही उतरतच चाललेला. कोठी फुटकी नव्हती, भरणाराच बसला होता. मात्र चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी खोड कोणी सांगितली तर ऐकू नका. त्याने चांगला अल्टरनेटरही जळतो.

अल्टरनेटर मी काढला, काका नुसते खुर्चीवर बसून होते. इंजिन गार झाल्यावर आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली. हे विसरलात तर खैर नाही! अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. पाना तिला आणि गाडीच्या पत्र्याला एकदम लागला की ठिणग्या. हातातल्या बांगड्याही काढून ठेवा. मग वायरींची जागा कागदावर काढून घेतली, वरचा ताणाचा बोल्ट सैल करून पट्टा उतरवला. खालचा लांब बोल्ट काही हलेना. आपल्या हवेत सगळे गंजते. तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी चौदाच्या पान्याने सुटला. काही गाड्यांत हात खालून घालावा लागतो. तसे असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, ते काम गॅरेजकडेच द्या.

काढलेला नग दुकानात बरोबर न्यावा, म्हणजे पुली, बोल्टाची भोके आणि वायरीचे सॉकेट जुळवून घेता येते. नुसते कार्बन झिजले असतील तर वायरमन ते बदलून देतो, नवा घ्यायची गरज नाही. आमच्या नगाचे बेरिंगही खरखरत होते आणि आतली गुंडाळी काळी पडली होती, म्हणून दुसरा घेतला.

बसवताना सगळे उलट क्रमाने, ऋण वायर सर्वांत शेवटी. खरी मेख पट्ट्याच्या ताणात आहे. मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. सैल राहिला तर किंचाळतो, फार ताणला तर बेरिंगे खातो. मी पहिल्यांदा फारच ताणला होता, काकांनी पुन्हा सोडायला लावला.

गाडी चालू केली, लाल दिवा विझला, मीटरवर १४.१. नवा पट्टा घातला असेल तर आठवड्याभराने ताण पुन्हा पाहा, तो थोडा सैलावतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवी बुरशी दिसली तर वायरी सोडवून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पुसा, कोरडे करून व्हॅसलिन लावा. आमच्याकडे हे काम आता दर पंधरवड्याला सासूबाई आठवणीने करवून घेतात.