गार्ड ड्यूटीचा तक्ता आणि पायथॉन

इथे जैसलमेरला आमचा क्लार्क गार्ड ड्यूटीचा तक्ता पायथॉनमध्ये बनवतो: सात रात्रींच्या सात याद्या, एका मोठ्या यादीत. परवा मंगळवारचा एक पहारेकरी बदलला, तर सातही रात्री तोच जवान उभा! एक यादी लिहून सातने गुणली की पायथॉन सात याद्या करत नाही. एकाच यादीकडे सात वेळा बोट दाखवतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आतली प्रत्येक यादी लूपमध्ये वेगळी बनवावी. मागच्या आठवड्याच्या तक्त्याची नक्कल काढतानाही साधी ‘कॉपी’ पुरत नाही, ती फक्त बाहेरची यादी नवी करते. तिथे ‘डीपकॉपी’च हवी. क्लार्क म्हणतो, टायपिंग वाढतं. वाढू दे. तक्ता सहीला आला की मी आधी एकच नाव बदलायला लावतो आणि बाकीच्या सहा रात्री बघतो.