रॅम विकण्यापूर्वी

पाऊण लाख किंवा त्याहून अधिक रुपये मोजून गेमिंग लॅपटॉप घेतलेला गिऱ्हाईक वर्ष-दीड वर्षाने आमच्या व्यवसायबंधूंच्या दुकानाची पायरी पुन्हा चढतो, तेव्हा त्याच्या तक्रारीचे स्वरूप कोणतेही असो, तिच्यावरील उपाय मात्र तो घरूनच ठरवून आलेला असतो. "गेम लई अडकायलाय, आठची सोळा करून द्या," ही मागणी भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याणपासून थेट आळंदपर्यंतच्या दुकानदारांच्या चांगल्या परिचयाची आहे. गिऱ्हाईक स्वतः होऊन मागतो आहे, काम पाच-दहा मिनिटांचे आहे, नफा रोकडा आहे, आणि आपण नाही म्हटले तर तो समोरच्या दुकानात जाईल हेही उघड आहे; अशा स्थितीत स्टिक बसवून पावती फाडणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी आम्हांला या अंकात थोडा वाद घालावयाचा आहे. यंत्राला मेमरीच कमी पडते आहे हे मोजून सिद्ध झाल्याखेरीज रॅम विकू नये, असे आमचे मत आहे. आणि ज्या मुलखात चैत्र-वैशाखातली दुपार यंत्राला बंद खोलीतही स्वस्थ बसू देत नाही, त्या आपल्या मुलखात तर मुळीच विकू नये.

मागणी निराधार असते असे मात्र कोणी समजू नये. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी प्रारंभिक श्रेणीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच स्टिक घालून तो बाजारात आणण्याची जी रीत पाडली, ती ग्राहकाच्या दृष्टीने दुहेरी नुकसानीची आहे. एक तर विंडोज ११, ब्राउझरच्या चार-दोन खिडक्या आणि मित्रांशी बोलण्याचे डिस्कॉर्ड यांनी त्यांतली निम्मी जागा खेळ सुरू होण्याच्या आतच व्यापलेली असते. आणि सायबरपंक २०७७ सारखा खेळ किमान १२ जीबी, तर अॅलन वेक २ हा किमान १६ जीबी मागतो. दुसरे नुकसान ग्राहकाला दिसत नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा विक्रेत्यालाही दिसत नाही. ३२०० च्या डीडीआर४ ची एक स्टिक सेकंदाला अधिकात अधिक २५.६ जीबी माहिती वाहून नेते, आणि तशीच दुसरी शेजारी बसविली की ही मर्यादा ५१.२ वर जाते; म्हणजे दुसऱ्या स्टिकने केवळ जागा वाढत नाही, तर रस्ताही दुप्पट रुंद होतो. ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही, किंवा असूनही खेळ चुकून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो आहे, तेथे हा फरक डोळ्यांना सहज दिसेल इतका असतो; आणि व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या, ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरवर अधिक भार टाकणाऱ्या खेळांत मधूनमधून बसणारे झटके त्यामुळे कमी होतात. तेव्हा एक स्टिक असलेल्या यंत्रात दुसरी, शक्यतो त्याच वेगाची व त्याच क्षमतेची, बसविणे ही आमच्या मते या धंद्यातली सर्वांत न्याय्य विक्री आहे, आणि तीबद्दल कोणी संकोच धरण्याचे कारण नाही.

संकोच धरावयाचा तो यापुढे. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी उघडली असता किती स्लॉट वापरात आहेत आणि स्टिक कोणत्या वेगाने चालते आहे हे तेथेच लिहिलेले सापडते. ते पाहावयास अर्धे मिनिटही लागत नाही. तरीही ग्राहकाच्या समोर हा पडदा उघडून, खेळ वीस मिनिटे चालवून, मेमरी भरते की नाही हे त्याला दाखविण्याची तसदी किती जण घेतात? १६ जीबी असलेल्या यंत्रात खेळ चालू असताना अकरा-बारा जीबी वापरात आणि उरलेली मोकळी असेल, तर तेथे ३२ घातल्याने खेळाच्या गतीत काडीचाही फरक पडणार नाही. मोठे नकाशे, चित्रफितींचे संपादन, अँड्रॉइडचे एम्युलेटर किंवा यंत्रशिक्षणाचे प्रकल्प ही कामे निराळी. बीदरच्या गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा कलबुर्गीच्या पीडीए महाविद्यालयात शिकणारा मुलगा त्या कारणासाठी ३२ मागत असेल तर त्याला ती खुशाल द्यावी, पण कारण त्याच्याकडून वदवून घ्यावे.

मेमरीसंबंधी आणखी एक गैरसमज आहे, आणि तो दूर करण्याऐवजी जोपासण्याकडे धंद्याचा कल दिसतो. ग्राफिक्स कार्डाची मेमरी निराळी असते, ती कार्डाच्या चिपभोवती झाळलेली असते, आणि ती कोणत्याही दुकानात वाढवून मिळत नाही. टास्क मॅनेजर शेअर्ड जीपीयू मेमरी म्हणून रॅमच्या निम्मा आकडा दाखवितो, तो पाहून रॅम वाढविली की ग्राफिक्सही वाढते असा ग्राहकाचा ग्रह होतो. प्रत्यक्षात लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० ची स्वतःची ६ जीबी मेमरी सेकंदाला १९२ जीबी वेगाने चालते आणि ४०६० ची ८ जीबी २५६ च्या वेगाने. ती भरून उतू गेली की उरलेला माल पीसीआयईच्या वाटेने रॅममधून आणावा लागतो, आणि ती वाट या कार्डांना सेकंदाला सुमारे १६ जीबीची मिळते. इतक्या अरुंद वाटेच्या पलीकडे रॅमचे कोठार कितीही मोठे बांधले तरी कार्डाची उपासमार थांबत नाही. येथे उपाय फुकटचा आहे: खेळाच्या सेटिंगमध्ये टेक्श्चरची पायरी एकाने खाली आणावी. फुकटचा उपाय सांगितल्याने दुकान बुडत नाही, असा आमचा अनुभव आहे. उलट तो ग्राहक पुढच्या वेळी त्याच दुकानात येतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू, आणि तो म्हणजे उष्णतेचा. लॅपटॉपची जी परीक्षणे आपले ग्राहक पाहून येतात, ती बहुतेक वातानुकूलित खोलीत, पंचवीस अंशांच्या आसपास घेतलेली असतात. बीदर सुमारे २,२०० फूट उंचीवर असल्याने तेथे रात्री तरी वारा सुखाचा असतो. कलबुर्गी १,५०० फुटांच्या जवळपास, आणि तेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जाणे ही बातमी होत नाही. पंखा खोलीतील हवा ओढून चिप थंड करतो. सबब हवाच पंधरा अंशांनी अधिक तापलेली असेल, तर बाकी सर्व सारखे राहता चिपही सुमारे तितकीच अधिक तापणार. परीक्षणात ८५ अंशांवर समाधानाने चालणारा प्रोसेसर आपल्याकडे शंभराला टेकतो, आणि इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा तेथेच असल्यामुळे तो आपला वेग आपणच कमी करतो. ग्राहक त्याला अडकणे म्हणतो, आणि आपण त्यावर रॅम विकतो.

यात भर धुळीची. कलबुर्गी ही तुरीची पेठ. तेथील डाळमिलींच्या परिसरातील हवेत सालपटांचा जो बारीक भुसा तरंगत असतो, आणि वाडी, शहाबाद, सेडम या पट्ट्यात सिमेंटची जी पूड बसते (राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे मळखेड, तेही आज सिमेंटसाठीच ओळखले जाते, हा काळाचा महिमा), ती लॅपटॉपच्या पंख्यातून आत शिरते व तांब्याच्या पातळ पात्यांच्या तोंडाशी अडकून बसते. मागचे झाकण काढून पंखा उचलला की पंखा आणि पात्यांच्या मध्ये करड्या नमद्यासारखा एक थर सापडतो, तो चिमट्याने पकडून अखंड ओढून काढता येतो. पंख्याच्या पात्यांवरची धूळ ब्लोअरने उडते, हा थर उडत नाही, आणि नुसता बाहेरून ब्लोअर मारून सर्व्हिसिंगचे पैसे घेणाऱ्याच्या हातून तो जागच्या जागी राहतो. बीदरजवळच्या नौबादची करेज ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. भूमिगत कालव्याचे झरोके गाळाने बुजले तर वर नवी विहीर खोदून पाणी वाढत नाही. थर काढावा, थर्मल पेस्ट बदलावी, मेमरी व व्हीआरएम (चिपला वीज पुरविणारा भाग) यांवरचे पॅड जाडीचे माप घेऊनच बदलावेत (अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही), आणि मग पुन्हा तोच खेळ, त्याच खोलीत, तितकाच वेळ चालवून पाहावा. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा कोणीही विश्वासार्ह मानू नये. लॅपटॉपचा खरा स्वभाव धातू पूर्ण तापल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी कळतो. एचडब्ल्यूइन्फो हे नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर चालू ठेवले तर वेग कशामुळे कमी झाला, तापमानामुळे की विद्युत्शक्तीच्या मर्यादेमुळे, हे तेथे स्पष्ट नोंदविलेले मिळते.

विद्युत्शक्तीचे प्रकरण खरेदीच्या वेळचे आहे, आणि त्यात विक्रेता म्हणून आपले उत्तरदायित्व अधिक आहे. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव धारण करणारे कार्ड कंपनीच्या मर्जीनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोठेही बांधलेले असते. नाव तेच, डब्यावरचे चिकटपत्र तेच, किंमत थोडी कमी. आणि प्रत्यक्ष कामगिरीत मात्र असे अंतर की पुरेशा वॅटचे खालच्या श्रेणीचे कार्ड उपाशी ठेवलेल्या वरच्या श्रेणीच्या कार्डाला लाजवील. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडले असता कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा मिळतो. ग्राहकाला नाव सांगून वॅट न सांगणे हे आम्ही अर्धवट मापाने माल देण्यासारखे समजतो. त्याच हिशेबात अॅडॉप्टरही धरावा: मूळचा जळाला म्हणून कमी क्षमतेचा जोडून दिला, तर लॅपटॉप चालतो, चार्जही होतो, आणि खेळ मात्र मंदावतो, बॅटरीवर खेळणाऱ्याचीही तीच गत होते, हे विकतानाच सांगून टाकावे.

हे सारे पूर्वीही खरे होते. पण २०२५ च्या अखेरीपासून त्याची निकड वाढली आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत ८ जीबीची डीडीआर५ स्टिक दोन-अडीच हजारांच्या घरात मिळत असे, आणि चुकीचे निदान झाले तरी ग्राहकाचे नुकसान सोसण्याजोगे असे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही कारखानदारांनी आपले उत्पादन वळविल्यापासून भाव अल्पावधीत दुपटीच्या पुढे गेले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशिअल या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. जुन्या डीडीआर४ चे उत्पादन आटल्याने तीही महागली. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून माल उचलणाऱ्या आमच्या बांधवांना सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही हे आम्ही सांगावे असे नाही. अशा महागाईत जुन्या स्टिकवर नवी चिठ्ठी डकवून विकणारे सर्वच बाजारांत डोके वर काढतात; तेव्हा सीपीयू-झेडमध्ये चिपच्या निर्मात्याचे नाव व उत्पादनाचा आठवडा पाहून घेतल्याशिवाय माल ताब्यात घेऊ नये, आणि सध्या खरेदीला आलेल्या ग्राहकाला, आधी स्वस्त यंत्र घ्या, रॅम पुढे टाकू, हा गेल्या दहा वर्षांचा परिचित सल्ला देऊ नये. आजच्या भावात १६ जीबी मुळातच असलेले यंत्र थोडे महाग दिसले तरी स्वस्त पडते. लॅपटॉपमध्ये काही मेमरी बोर्डावरच झाळलेली आणि स्लॉट एकच, अशी रचना असेल तर तीही विकतानाच सांगावी.

नवशिक्या कारागिरांसाठी दोन शब्द. झाकण उघडल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडविणे हे होय; रॅमला हात त्यानंतर. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निरनिराळ्या जागी असतात, सबब बसत नसेल तर जोर लावण्याचे प्रयोजन नाही. डीडीआर५ ची स्टिक बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ काळा राहतो, कारण यंत्र त्या काळात मेमरीची जुळवणी करीत असते. घाबरून पॉवरचे बटण दाबून धरू नये. ८ शेजारी १६ घातली तर चालते, पण ८-८ जीबीपुरतीच दुहेरी वाट मिळते आणि वरची ८ एकेरी वाटेने चालते, ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगावी, नंतर नव्हे.

आमची सूचना अशी की, प्रत्येक दुकानाने गेमिंग लॅपटॉपच्या कामासाठी एक छोटी फर्द छापून घ्यावी व तिच्यावर स्लॉटची संख्या, स्टिकचा वेग, ग्राफिक्सचे वॅट, अॅडॉप्टरची क्षमता, खेळ वीस मिनिटे चालविल्यानंतरचे दोन्ही चिपचे तापमान आणि त्या वेळी वापरात असलेली मेमरी, एवढा तपशील कामाच्या आधी व नंतर भरून ग्राहकाची सही घ्यावी. हमीच्या मुदतीत असलेले यंत्र उघडताना सील होते की नव्हते हेही त्याच कागदावर यावे. पुढे कंपनीच्या सेवाकेंद्राशी वाद उपस्थित झाल्यास हाच कागद उपयोगी पडेल. अशा भरलेल्या फर्दांच्या प्रती, ग्राहकाचे नाव खोडून, वाचकांनी जूनअखेरपर्यंत संपादकांकडे पाठविल्यास त्यांची तुलना पावसाळ्यातील अंकात प्रसिद्ध करू. नोंद घेताना खोलीचे तापमान किती होते हे मात्र लिहावे. ते नसलेल्या फर्दा तुलनेत धरता येणार नाहीत.