लघुलहरींचे नूतनीकरण आणि शांत जागेचा प्रश्न

3 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परतून हजारो किलोमीटर जातात आणि वाटेत कोणाचा उपग्रह वा केबल लागत नाही. 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या तोंडावरच केए-सॅट उपग्रहसेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्यात निकामी झाल्यावर या गुणाचे मोल सैन्यदलांना नव्याने पटले.

आयनांबर मात्र लहरी आहे. दिवसा चालणारी वारंवारता रात्री निरुपयोगी ठरते, म्हणून पूर्वी ऑपरेटर तक्ता आणि कान यांच्या भरवशावर काम करी. ते कसब अमेरिकी सैन्याच्या 1988 च्या मानकाने यंत्राकडे दिले: संच ठरलेल्या वारंवारता सतत चाळतो, कोणती किती स्वच्छ ऐकू येते याची नोंद ठेवतो आणि 750 ते 2500 हर्ट्झमधल्या आठ स्वरांत, प्रत्येकी 8 मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी, पलीकडच्याला हाक मारतो. त्यानंतरची मजल रुंद वाहिन्यांची. 3 किलोहर्ट्झच्या जागी 48 किलोहर्ट्झ घेतल्यास वेग सेकंदाला 2,40,000 बिटपर्यंत जाऊ शकतो.

माहितीपत्रके येथे थांबतात. वाहिनी सोळापट रुंद केली की ग्राहीत शिरणारा गोंगाटही सोळापट, म्हणजे सुमारे 12 डेसिबलने वाढतो, आणि नेमक्या याच काळात एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर व स्वस्त चार्जर यांनी लघुलहरींचा पट्टा मलिन केला आहे. त्यामुळे जाहिरातीतला वेग गोंगाटाच्या जागी कागदावरच राहतो. जुन्या अभियंत्यांना हे उमगले होते. 1927 मध्ये भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली तेव्हा प्रक्षेपण खडकीला आणि ग्रहण दौंडला ठेवले गेले, कारण प्रक्षेपकाच्या शेजारी बसून दूरचा क्षीण संदेश ऐकता येत नाही. (ती सेवा नागरी होती, पण भौतिकशास्त्र गणवेश पाहत नाही.) शहर वाढत ग्रहणकेंद्राच्या कुंपणाशी येऊन भिडते तेव्हा संच बदलून ही शांतता परत मिळवता येत नाही, आणि तरीही खरेदीच्या फायलीत संचांची पाने अनेक व जागेचा परिच्छेद एकच असतो.

हे मासिक वाचणाऱ्या संदेशवहन अभियंत्यांनी पुढील निविदेचा मसुदा हाती घेण्यापूर्वी ग्रहणकेंद्रावरील गोंगाटाचे चोवीस तासांचे मापन, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात असे दोनदा, करून घ्यावे व त्याचे आकडे मसुद्याला जोडावेत.