सेवेवर संशय, दीक्षेवर पहारा

२५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन कॅथलिक नन्सना अटक झाली. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी आरडाओरड केली आणि पोलिसांनी मानवी तस्करी व सक्तीच्या धर्मांतराचा गुन्हा नोंदवला. २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. दुर्ग नागपूरहून रेल्वेने काही तासांवर आहे. 'हा ख्रिश्चनांचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणारे आपल्यातही निघतील. त्यांनी थोडा विचार करावा.

नन दवाखाना काढते ती बाटवण्यासाठीच, असा प्रचार वर्षानुवर्षे चालू आहे. या सेवेचे स्वरूप काय होते, हे एका आयुष्यावरून पाहू. डॉ. मेरी ग्लाउरी ऑस्ट्रेलियात १८८७ साली जन्मल्या. मेलबर्न विद्यापीठातून १९१० साली त्या डॉक्टर झाल्या. १९२० साली त्या आजच्या आंध्रातील गुंटूरला आल्या, नन झाल्या आणि १९५७ साली बंगलोरला मृत्यू येईपर्यंत भारतातच राहिल्या. पुरुष डॉक्टरकडे जाता येत नाही म्हणून बायका घरातच मरत होत्या, तो हा काळ. ग्लाउरींनी स्वतः रुग्ण तपासलेच, शिवाय स्थानिक स्त्रियांना परिचारिका, सुईण आणि कंपाउंडर म्हणून शिकवून तयार केले. देशभरातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना १९४३ साली स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

त्यांना पहिला अडथळा आला तो त्यांच्याच धर्माचा. ननने डॉक्टरकी करू नये, बाळंतपण तर मुळीच करू नये, असा रोमचा नियम होता. ग्लाउरींना पोपची खास परवानगी घ्यावी लागली. ही बंदी उठायला १९३६ साल उजाडले. आपल्याकडे बाळंतपणाचा विटाळ मानला गेला आणि ते काम अस्पृश्य ठरवलेल्या बायकांच्या गळ्यात बांधले गेले. रोमचे कारण वेगळे होते, पण धर्मनियमाची किंमत दोन्हीकडे बाळंतिणीनेच मोजली. असा नियम मोडायला लावणारी बाई कोणत्याही धर्माची असो, चळवळीने तिची दखल घेतली पाहिजे.

आता नागपूरकडे वळू. नागपूर मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी त्या सरकारने १९५४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली समितीचा अहवाल आला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस त्यात होती. दवाखान्यावरचा संशय असा सरकारी कागदावर चढला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, त्याच नागपुरात, बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. आणि त्याच सोहळ्यात बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत खुद्द न्या. नियोगीही होते! धर्म निवडण्याचा हक्क त्यांनी स्वतः बजावला, पण त्यांच्या अहवालाचा आधार घेणारे आजही इतरांचा तो हक्क रोखू पाहतात.

मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मांतरविरोधी कायदा आला. पुढे अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. सांगितले असे जाते की हे कायदे मिशनऱ्यांसाठी आहेत. मग ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरात सरकारने काय केले? हिंदू व्यक्तीला बौद्ध व्हायचे असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल, असे परिपत्रक काढले. १४ ऑक्टोबर १९५६ ला असा कायदा असता तर बाबासाहेबांनी प्रत्येक अनुयायासाठी कलेक्टर कचेरीत अर्ज करायचा होता काय? ननसाठी वळलेला दोर दीक्षाभूमीपर्यंत पोहोचतो तो असा.

याचा अर्थ चर्चपुढे मान तुकवायची असा नाही. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंना झाला, धर्मांतरित अस्पृश्यांच्या वाट्याला फारसे आले नाही, ही बाबासाहेबांची टीका होती. दलित ख्रिश्चनांना चर्चमध्येही जातिभेद सोसावा लागतो, हे भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ सालच्या धोरणात मान्य केले आहे. हा जाब आपण विचारत राहिले पाहिजे.

सेवा कितीही निष्ठेची असली तरी ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो बाळंतिणीला विश्रांती हक्काने मिळावी म्हणून. सरकारी दवाखाना गरिबाला हक्काने उपचार देत असता तर कोणाच्या औषधाच्या बाटलीत आमिष शोधण्याची वेळच आली नसती. जे राज्यकर्ते दवाखाना देत नाहीत आणि देणारीला तुरुंगात टाकतात, त्यांना धर्माची काळजी नाही. गरीब माणूस आपल्या हाताबाहेर जाईल, ही त्यांची भीती आहे. १९५६ साली नागपूरने ती भीती खरी करून दाखवली. म्हणूनच दुर्गच्या स्थानकावर जे घडले त्याविरुद्ध पहिला आवाज नागपुरातून उठायला हवा.