आणखी एक शिट्टी

प्रेशर कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवून "आता डाळ लवकर शिजेल" असं म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. तो माझा सख्खा भाचा आहे. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो, चांगला शिकलेला इंजिनिअर आहे आणि स्वयंपाकघरातल्या कुकरला तो घाबरून हातसुद्धा लावत नाही. वरवंटा त्याने ठेवला तो मोटारीवर.

ही मोटार म्हणजे 1986 सालची पोर्शे 944 टर्बो. आमच्या मेहुण्यांनी ती 1993 साली सेकंडहँड घेतली. आयुष्यात त्यांनी केलेला हा एकमेव अविचार; पण तो मात्र त्यांनी फार विचारपूर्वक सांभाळला. गाडीच्या कप्प्यात एक वही असे. "तेल बदलले. पट्टा बदलला. पाणी पाहिले." तारीख, मैल आणि खाली सही, जणू काही बँकेचं खातंच. मेहुणे गेले आणि गाडी भाच्याकडे आली. वहीसुद्धा आली, पण ती वाचायला मराठी यावं लागतं आणि थोडा धीरही लागतो. भाच्याला मराठी बऱ्यापैकी येतं.

"मामा, गाडी जरा थकल्यासारखी वाटते," तो म्हणाला. "बूस्ट वाढवतो. सिंपल आहे."

जगातल्या सगळ्या मोठ्या संकटांची सुरुवात "सिंपल आहे" या दोन शब्दांनी होत असावी. माझं भांडण आहे ते हे दोन शब्द विकणाऱ्यांशी, आणि ते विकत घेणाऱ्यांशीही. जुन्या स्पोर्ट्स कारला बूस्ट वाढवायचे पार्ट बसवणाऱ्या मंडळींना लोक हौशी म्हणतात. मी त्यांना उतावळे म्हणतो.

आधीच सांगतो, टर्बोला माझा विरोध नाही. विरोध कसा असेल? ती कल्पनाच मुळी आपल्या घरातली वाटावी अशी आहे. इंजिनातून जाणारा गरम धूर एरवी फुकट जातो. त्याच्या वाटेत एक चक्र बसवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं, आणि या दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हा शिळ्या भाताचा फोडणीचा भातच झाला की! आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या आज्यांनी घेतलं नाही, एवढाच फरक.

पण फोडणी किती द्यायची याला माप असतं. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. ते मोकाट सुटू नये म्हणून एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. दाब ठरावीक झाला की ती उघडते आणि धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. म्हणजे कुकरची शिट्टीच. या गाडीचा मूळ दाब वातावरणाच्या वर सुमारे 11 पौंड. आपल्या घरच्या कुकरचा साधारण 15. भाच्याने ठरवले 17.

आता या लोकांचे युक्तिवाद ऐका.

पहिला युक्तिवाद : "कंपनीने मुद्दाम ताकद दाबून ठेवलेली असते." म्हणजे जर्मनीतले इंजिनिअर काटकसरी स्वभावाचे, त्यांनी थोडे घोडे तबेल्यात लपवून ठेवले, आणि ते सोडवायला एडिसनच्या गॅरेजमध्ये अवतार घ्यावा लागला! बरं, कंपनीने पुढे स्वतःच ताकद वाढवली होती. 1988 साली टर्बो एस काढली. 220 चे 250 घोडे केले. पण कसे? टर्बो मोठा केला, गिअरबॉक्स मजबूत केला, ब्रेक मोठे बसवले, सस्पेन्शन बदललं. 30 घोड्यांसाठी एवढं बिऱ्हाड हलवलं. आमच्या भाच्याच्या खोक्यात एक कडक स्प्रिंग, एक कंट्रोलर, एक चिप आणि एक स्टिकर होतं. स्टिकर फार छान चिकटलं.

दुसरा युक्तिवाद : "सगळं बोल्ट-ऑन आहे." अर्थ असा, की नट सोडायचा, पार्ट लावायचा, नट आवळायचा. यात नट सोडला पाहिजे, ही अट बारीक अक्षरातसुद्धा छापत नाहीत. पस्तीस वर्षांहून जास्त काळ तापून निवालेला नट हा नट राहत नाही, तो घरातला ज्येष्ठ सभासद होतो. जागचा हलत नाही. एका नटापायी आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. माझ्याकडे बॅटरी धरण्याचं काम होतं. लहानपणी वडिलांसाठी बॅटरी धरताना जी बोलणी खाल्ली, तीच म्हातारपणी भाच्याकडून इंग्रजीत खाल्ली.

या गाडीत जुन्या रबरी नळ्यांचं एक जाळं आहे. ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेलं आहे. "त्या नळ्या बघायच्या नाहीत का रे?" मी विचारलं.

"त्यासाठी सगळं वरचं काढावं लागेल, मामा. आणि त्याने हॉर्सपॉवर वाढत नाही."

इथेच खरी मेख आहे. नवी नळी लावून कोणी मित्राला सांगत नाही की "काल मी चार फूट रबर बदललं." पट्टा वेळेवर बदलला म्हणून कोणी शाबासकी देत नाही, खरं तर या गाडीचा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिनाचाच निकाल लागतो. पण न तुटलेल्या पट्ट्याचा आवाज येत नाही. बूस्टचा येतो. आणि दुकानदार जे ऐकू येतं तेच विकतो.

तिसरा युक्तिवाद : "थोडंसंच वाढवतो." दाबलेली हवा तापते, सायकलचा पंप मारून त्याच्या बुडाला हात लावून पाहा. हवा जास्त तापली की आतलं मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपल्या मर्जीने पेटतं आणि आत हातोडे बसतात. मग ती थंड करायला मोठा इंटरकूलर हवा, पेट्रोल पुरायला मोठे इंजेक्टर हवेत, पुढे क्लच हवा. "थोडंसं" हे या धंद्यातलं सर्वांत महाग माप आहे.

अमेरिकेला हे नवं नाही. 1962 साली ओल्डस्मोबिल जेटफायर नावाची टर्बो मोटार निघाली. इंजिनात हातोडे बसू नयेत म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण भरावं लागे. त्याला नाव काय, तर "टर्बो रॉकेट फ्लुइड"! नाव इतकं झोकदार, तरी लोक ते भरायला विसरत. शेवटी टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय कंपनीला करावी लागली. मालकाला वेग लक्षात राहतो, बाटली राहत नाही.

आता एक कबुली देतो, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. पार्ट बसल्यावर भाच्याने मला फेरी मारून आणली. टर्बोचा स्वभाव मार्च महिन्यातल्या सरकारी खात्यासारखा. आधी काही नाही, काही नाही, आणि मग सगळं एकदम. सुई सतराला गेली, पाठ सीटला चिकटली, आणि मी मोठ्याने ओरडलो, "अरे वा!" मी ओरडलो, हे मान्य आहे. बहात्तराव्या वर्षी माणसाला पाठीतून ढकलणारं फारसं कोणी उरत नाही. पण मोह गोड असतो म्हणून तो शहाणपणा ठरत नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही ब्रिजवॉटरच्या बालाजीला निघालो. बहीण पुढे बसली. मी मागे, ज्याला कंपनी सीट म्हणते अशा एका खोबणीत. हायवेला लागताना भाच्याने पाय दाबला. सुई सतराला थांबली नाही. पुढे गेली. मग एक दबका आवाज झाला आणि मागे पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की देवळात पोचण्याआधीच धुपारती झाली.

रस्त्याच्या कडेला उभे होतो. भाचा बॉनेट उघडून बघत होता, आणि बॉनेट उघडून बघणाऱ्या सगळ्या माणसांसारखंच त्यालाही काही कळत नव्हतं. बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्यांनी एवढ्या वर्षांत एकदाही ती रस्त्यात उभी केली नव्हती."

याच्यावर कोणाकडे युक्तिवाद असेल तर मला कळवावा.

हेड गॅस्केट गेलं होतं. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने इंजिन उघडलं, वरचं सगळं काढलं आणि एक रबरी नळी भाच्याच्या हातात दिली. तिचे पापडासारखे तुकडे झाले. दुसरी तशीच. पहिल्या नळीतून दाब गळत होता, म्हणून गाडी थकल्यासारखी वाटत होती. तिला दुखणं होतं नळीचं, आम्ही औषध दिलं ताकदीचं. घागरीला भोक होतं आणि आम्ही नळ मोठा केला. दुसरी नळी वेस्टगेटला दाबाची खबर देणारी. ती फाटल्यावर शिट्टीला कळेनाच की उघडायचं केव्हा. आणि दाब अती झाला तर पेट्रोल तोडणारा जो पहारेकरी कारखान्याने आत बसवलेला होता, त्याला नव्या चिपेने आधीच रजेवर पाठवलं होतं.

सगळ्या नळ्या नव्या आल्या. गॅस्केट नवं आलं. स्प्रिंग जुनी, चिप जुनी, दाब तोच अकरा पौंडांचा. गाडी बाहेर काढली आणि काय सांगू, ती अशी पळाली की भाचा दोन मैल बोललाच नाही. त्याने ही गाडी कधी पुरी चालवलीच नव्हती. वाढवायचं सोडा, जे होतं तेच त्याला आधी मिळालेलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. जुन्या गाडीत जास्त मागण्याआधी तिचं मूळ देणं तिला परत द्या. रबर बदला, पट्टा बदला, पाणी पाहा. एवढं झाल्यावरही हौस उरली, तर ब्रेकपासून सुरुवात करा आणि वेगाकडे शेवटी या. तोवर निम्म्यांची हौस फिटलेली असेल आणि उरलेल्या निम्म्यांना अक्कल आलेली असेल.

मी निघायच्या आदल्या दिवशी गाडीच्या कप्प्यातली वही सहज उघडली. मेहुण्यांच्या अक्षराखाली वाकड्या मराठीत नवी नोंद होती : "नळ्या बदलल्या. गॅस्केट बदलले. पाणी पाहिले." खाली तारीख, मैल आणि सही. मला भरून आलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तर त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं :

"मोठा इंटरकूलर? (सिंपल आहे.)"