इंडेक्स टूवर नाव कुणाचं?

गेल्या शनिवारी सकाळी मावसबहिणीचा फोन आला. "लॅपटॉप घेऊन ये, आणि तुझ्या आईला सांगू नकोस." मला वाटलं नेहमीप्रमाणे विंडोज रुसलं असणार. मावशीकडे पोचलो तर डायनिंग टेबलावर कागदांनी भरलेल्या तीन पिशव्या. ताई दोन महिन्यांपासून माहेरीच आहे. म्हणाली, "वकीलबाई म्हणतात अर्जाचं नंतर बघू, आधी हिशोब आणा. मला तर माझा पीएफ नंबरही माहीत नाही रे."

ताई दहा वर्षं नोकरी करतेय. पगार माझ्यापेक्षा जास्त. (हो, आहे.) पण रिटर्न भावोजी भरायचे, एफडी तेच करायचे, बँकेचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जायचा. यात भावोजी व्हिलन आहेत असं अजिबात नाही. त्यांना त्या कामाची आवड, हिला कंटाळा. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम हिची, ॲडमिन राईट्स दुसऱ्याकडे. सगळं सुरळीत चालू असतं तोवर ते कुणाला खटकत नाही.

आधार तिच्या स्वतःच्या नंबरला जोडलेलं होतं, एवढं नशीब. त्यावरून आयकराच्या साईटचा पासवर्ड बदलला. तिथलं एआयएस उघडलं तर ती साफ विसरून गेलेल्या दोन एफडींचं व्याज समोर आलं! नवीन ईमेल काढला. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत, फक्त तिच्या नावावर उघडायचं ठरलं.

मग वाकडचा फ्लॅट. इंडेक्स टूवर दोघांची नावं, कर्जही दोघांच्या नावावर, हप्ता मात्र सात वर्षं ताईच्या खात्यातून. "अर्धा तर माझाच ना?" तिने विचारलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, त्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची धरतात. आपल्याकडे तसं नाही. नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले, यावरच सगळा वाद होतो. म्हणून जुनी स्टेटमेंट्स आत्ताच काढून ठेवायची. आणि बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नसतं. सहकर्जदार म्हणून सही केलीय ना, मग एकाने हप्ता थांबवला की दुसऱ्याला फोन, आणि सिबिल दोघांचं खराब.

दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये. स्त्रीधन बाईचंच, सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असतं, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगितलंय. पण काय काय होतं हे दाखवायला तर पाहिजे! सराफाच्या पावत्या निम्म्याच सापडल्या. मग लग्नाचा अल्बम झूम करून आम्ही पाटल्या मोजत बसलो. एका फोटोत भावोजी हिला घास भरवताहेत. ताईने लॅपटॉपच बंद केला. अर्धा तास आम्ही नुसताच चहा प्यायलो.

आईला कळलंच शेवटी (मावशीच्या पोटात काही राहत नाही). "अर्ज करायच्या आधी असा हिशोब? हा कट झाला!" मला हे अजिबात पटत नाही. पोटगीचा विषय आला की दोघांनाही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून देशभर हाच नियम आहे. म्हणजे हिशोब टळत नाहीच. प्रश्न एवढाच, की तो शांतपणे करायचा की कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री. खरा धोका वेगळाच आहे. थकलेला माणूस म्हणतो, "मला काही नको, फक्त यातून सोडवा," आणि परस्परसंमतीच्या कागदावर जे लिहिलंय त्यावर सही करून मोकळा होतो. ताई त्याच टप्प्यावर होती.

पण लपवाछपवी मात्र नाही. तिने हळूच विचारलं, "त्या दोन एफडी मोडून पैसे तुझ्या नावावर ठेवू का?" मी नाही म्हटलं. आपल्याकडे काय आहे ते माहीत असणं वेगळं आणि असलेलं दडवणं वेगळं. खोटं प्रतिज्ञापत्र अंगाशी येतं. शिवाय मग भावोजींकडे खरं बोलायची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? त्यांच्या ईमेलचा पासवर्ड तिला माहीत होता, तोही वापरू दिला नाही. त्यावर ती थोडी चिडली. असो.

रात्री घरी आलो आणि एकदम लक्षात आलं, बायकोच्या पगाराच्या खात्याला मोबाईल नंबर माझाच! लग्नाला दीडच वर्ष झालंय आणि तिचा टॅक्सही मीच भरतो, वर त्याबद्दल शायनिंग मारतो. रविवारी सकाळी म्हटलं, "चल, नंबर बदलायचा अर्ज भरू." तिने भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "का? ताईचं बघून तुझंही काही ठरलंय का?"

समजावता समजावता नाकी नऊ आले. सोमवारी बँकेत जाऊन आलो. संध्याकाळी तिने नवीन पासवर्ड टाकला, तेव्हा स्क्रीन माझ्यापासून थोडी वळवली. बरोबरच आहे. पण मी बघत होतो, हेही खरं.